महालक्ष्मी ते खुडूस : घोड्यामागे चार दिवस

पहिला दिवस, शुक्रवार. सोलापूर

मामांच्या भवानी पेठेतल्या घराच्या उंबरठ्यावर एक लोखंडी नाल ठोकलेला आहे. मला कळायला लागल्यापासून तो तिथेच. आज दुपारी बॅग घेऊन मी त्यांच्याकडे पोचलो, तर मामा दारात उकिडवे बसून पक्कडीनं तो उपटत होते. "सोबत न्यायचा," एवढंच म्हणाले.

तो नाल राजाचा. राजा म्हणजे माझ्या आजोबांच्या, आईच्या वडिलांच्या टांग्याचा घोडा. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला आली तेव्हापासून स्टेशनावर उतरलेल्या माणसाला गावात पोचवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या टांग्यांनीच केलं. आजोबा त्यांतले अगदी शेवटच्या फळीतले. राजा हा रेसमधून उतरलेला घोडा होता आणि आजोबांनी तो पुण्याहून आणला होता, हे आमच्या घरात इतक्यांदा सांगितलं गेलंय की मी त्याला न पाहताही ओळखतो. उंच, लांब मानेचा, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, कपाळावर चांदणी. टांग्याला जुंपल्यावर पहिले काही महिने मागून जोरात आवाज झाला की सुटायचा. आजोबांनी त्याच्यावर चाबूक कधी उगारला नाही. जीभ टाळूला लावून ते एक 'टक् टक्' असा आवाज काढायचे, तेवढ्यावर राजा चालायचा, वळायचा, थांबायचा.

मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. गेल्या दिवाळीत ते म्हणाले, "राजा कुठं पळत होता ते एकदा बघायचंय मला." मी वास्तुविशारदाच्या कार्यालयात नकाशे काढतो, जुन्या इमारतींची मापं घेण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं ग्रँडस्टँड मला केव्हापासून बघायचं होतं. त्यांना घोडा, मला इमारत. प्रवास ठरला.

गाडी रात्रीची होती. संध्याकाळी मामांना फिरायला भुईकोटाकडे घेऊन गेलो. किल्ल्याची दुहेरी तटबंदी उतरत्या उन्हात तांबूस दिसत होती. येताना वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनासमोर, म्हणजे आजच्या महापालिकेसमोर, थोडं थांबलो. मनात एक हिशेब घोळत होता. सोलापूरची जुनी मिल सुरू झाली १८७७ मध्ये, मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकारानं. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं. मधे फक्त सहा वर्षं. मुंबईच्या रेसच्या जगाशी खुसरो वाडिया या गिरणीमालकाचं नाव घट्ट जोडलेलं आहे, त्यांच्या नावानं तिथे आजही गोल्ड कपची शर्यत होते. म्हणजे कापसानं आमचं शहर उभं केलं त्याच काळात कापसाच्याच शहरात ते मैदानही उभं राहिलं. हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग राजा आपल्याकडं आला तो पाहुणा म्हणून नाही, नात्यातलाच."

मामींनी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगापोळ्या दिल्या होत्या. कुर्डुवाडी यायच्या आत डबा संपला.

दुसरा दिवस, शनिवार. महालक्ष्मी

सिद्धेश्वर एक्स्प्रेस दादरला लागली तेव्हा उजाडत होतं. तिथून पश्चिम रेल्वेची लोकल धरून महालक्ष्मीला उतरलो. पुलावरून धोबीघाट दिसला, दोरीवर पांढऱ्या चादरींची रांग. केशवराव खाड्ये मार्गानं पायी निघालो, मामा पुढे, मी मागे.

आत शिरलो आणि पहिल्यांदा जाणवलं ते आभाळ. मुंबईत इतकं आभाळ एका ठिकाणी मी पाहिलेलं नव्हतं. चहूबाजूंनी उंच इमारतींची भिंत, आणि मधे हा सपाट हिरवा अंडाकृती पट्टा. सकाळी लोकांना इथे चालायला मोकळीक असते. म्हातारी जोडपी, पळणारी पोरं, सगळे रोजच्या सवयीनं चालत होते.

ही जमीन मुळात जमीनच नव्हती. मुंबई सात बेटांची होती तेव्हा वरळी आणि मुंबई या बेटांमधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत घुसायचं. गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात बांध घालून ते खिंडार बुजवलं, ते काम १७८४ च्या सुमारास पुरं झालं. बांध टिकेना, तेव्हा कंत्राटदार रामजी शिवजी प्रभू यांना स्वप्नात देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रातून मूर्ती काढून देऊळ बांधलं आणि मगच बांध उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. तेच महालक्ष्मीचं देऊळ. पाणी हटलं तरी मागे दलदल उरली. मुंबईच्या घोड्यांच्या शर्यती तोवर भायखळ्याला होत. अरबस्तानातून जहाजानं उतरलेले घोडे त्या काळी त्यांत धावायचे. पुढे या दलदलीवर भराव टाकून मेलबर्नच्या रेसकोर्सच्या धर्तीवर नवं मैदान तयार झालं. म्हणजे आधी बांध, मग देवी, मग भराव आणि शेवटी घोडा. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. वारसा म्हटलं की आपण भिंती आणि कमानी बघतो, पण इथली सगळ्यात जुनी बांधणी पायाखाली आहे.

घोड्यांचं सकाळचं काम उरकत आलं होतं. भल्या पहाटे सुरू होतं ते. दोन-दोनच्या जोडीनं घोडे परतत होते, अंगातून वाफ निघत होती. मामा कुंपणाशी जाऊन उभे राहिले आणि पुढचा तासभर हललेच नाहीत. हळू आवाजात एकेकाची ओळख मला करून देत होते : हा कुमैत, तो काळा मुश्की, आणि तो बघ, चारी पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा, पंचकल्याणी. एका घोड्याच्या मानेवरचा भोवरा त्यांना आवडला नाही. "असला भोवरा असला की बाबा घोडा विकत घ्यायचे नाहीत."

घोडा घेऊन जाणारा एक सईस आमचं बोलणं ऐकून थांबला. मूळचा बार्शीकडचा निघाला. बोली ऐकूनच त्यानं आम्हाला ओळखलं होतं. मामांनी पिशवीतून नाल काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटापालटा केला, बोटानं खिळ्यांची भोकं चाचपली आणि म्हणाला, "हा रस्त्याचा नाल आहे, काका." मग खिशातून एक वापरलेला नाल काढून दाखवला. अॅल्युमिनियमचा. बाभळीची शेंग उचलावी इतका हलका. शर्यतीच्या घोड्याला असलेच नाल मारतात, पायावरचं वजन जेवढं कमी तेवढं बरं. मामांनी एका तळहातावर तो आणि दुसऱ्यावर राजाचा असे दोन्ही धरले. राजाच्या नालाचा हात खाली गेला.

"म्हणजे आमच्याकडं आल्यावर त्याच्या पायात एवढं लोखंड घातलं आम्ही," मामा म्हणाले.

सईसानं समजूत घातली, की डांबरी रस्त्यावर दुसरं काही टिकत नाही, न घालता चालवला असता तर खूर फाटले असते. ते खरंच होतं. तरी मामा दुपारभर गप्प होते. आम्ही देवीचं दर्शन घेतलं, हाजीअलीकडून येणारा वारा खात कठड्यावर बसलो आणि रात्री करी रोडला मामींच्या भावाकडे मुक्कामाला गेलो. ते गिरणीत होते. त्यांनी रेसच्या नादानं बसलेल्या घरांच्या गोष्टी सांगितल्या, आपल्याच चाळीतल्या. त्या मी इथे लिहीत नाही, पण त्याही या मैदानाच्याच आहेत.

तिसरा दिवस, रविवार. शर्यती

तिकीट काढून दुपारी आत गेलो. आज माझा दिवस होता.

ग्रँडस्टँड मुंबईच्या वारसा यादीत आहे. त्याच्यासमोर उभं राहिल्यावर थोरपणा चटकन नजरेत भरत नाही. घुमट नाही, कोरीव दगड नाही. पायऱ्यापायऱ्यांची बैठक, वर उतरतं छप्पर, पुढची बाजू पूर्ण उघडी. त्याचं सौंदर्य कळायला त्यात बसावं लागतं. मी वरच्या पायरीवर बसलो आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. पायरीची उंची अशी की पुढच्याचं डोकं मधे येत नाही. छप्पर इतकं पुढे की उन्हाची तिरीप डोळ्यावर येत नाही, आणि तरी आभाळ कापलं जात नाही. खांब लोखंडाचे, कारण खांब जाड झाला तर घोडा त्याच्यामागे हरवतो. दगडात हे जमलं नसतं. छपराखालच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, पाहून मला सोलापूरच्या गिरण्यांच्या शेड आठवल्या. तिथे मागांच्या रांगांमधे खांब नकोत म्हणून कैच्या, इथे नजरेच्या आड खांब नकोत म्हणून कैच्या. विद्या एकच.

नकाशे काढताना आम्ही भिंतींपासून सुरुवात करतो. इथे बांधणाऱ्यानं नजरेपासून सुरुवात केली असणार. बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून विनिंग पोस्टपर्यंत एक रेघ ओढायची, आणि त्या रेघेला धक्का न लावता बाकी सगळं उभं करायचं.

एक गोष्ट मात्र खुपली. सभासदांचा भाग वेगळा, फर्स्ट एन्क्लोजर वेगळं, सेकंड एन्क्लोजर वेगळं. १९३५ मध्ये हे मैदान चालवणाऱ्या वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या नावामागे 'रॉयल' लागलं, तेव्हाची उतरंड आजही कठड्यांनी जपलेली आहे. वारसा जपताना हेही जपलं जातं. पण खरी रेस कळणारी माणसं मला सेकंड एन्क्लोजरमध्येच भेटली. हातात रेसचं पुस्तक, कानामागे पेन्सिल. घोड्याचा बाप कोण, आई कोण, मागच्या खेपेला किती वजन घेऊन धावला होता, सगळं तोंडपाठ. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या निकालात म्हटलंय. त्या लोकांचं बोलणं ऐकून ते पटतं. आम्ही मात्र एक रुपयाही लावला नाही. करी रोडच्या गोष्टी कानात होत्या.

मामांचं लक्ष पॅडॉकवर. शर्यतीआधी घोडे तिथे गोल फिरवतात. मामा कठड्याला रेलून एकेकाचं चालणं बघत होते. कुठला घोडा घामानं आधीच भिजलाय, कुठला कान मागे पाडतोय, कुठला पाऊल मोकळं टाकतोय. जॉकी वजनकाट्यावर बसून येतात, कमी भरलं तर खोगिराखाली शिशाचे तुकडे ठेवतात. शर्यत झाली की पुन्हा काट्यावर. "आमच्या टांग्यात चार सवाऱ्या आणि त्यांच्या ट्रंका," मामा म्हणाले. "कुणी वजन करत नव्हतं." हे त्यांनी राजालाच सांगितल्यासारखं सांगितलं.

चौथी शर्यत २४०० मीटरची होती, डर्बीच्या अंतराची. इंडियन डर्बी इथेच होते, चार वर्षांच्या घोड्यांची. पहिली १९४३ मध्ये झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं ती जिंकली. पहिल्याच डर्बीत घोडी जिंकली हे ऐकून मामांना फार आनंद झाला.

फाटकं उघडली. एवढ्या अंतरावरून घोडे म्हणजे रंगीत ठिपक्यांची एक ओळ. आवाज काहीच नाही, फक्त लाउडस्पीकरवरचं धावतं वर्णन. ओळ पलीकडच्या बाजूनं सरकत गेली, वळणावर दाटली, मग लांबली. लोक अजून बसलेलेच. शेवटच्या वळणातून घोडे सरळ पट्ट्यावर आले आणि अख्खं ग्रँडस्टँड एकदम उभं राहिलं. हजारो माणसांच्या उठण्यानं पायऱ्यांमधून एक कंप गेला, तो माझ्या तळव्यांना कळला. छपरानं सगळा ओरडा पकडून खाली फेकला. आणि मग त्या ओरड्याच्याही खालून, जमिनीतून, धप धप धप असा आवाज आला. एक-दोन क्षण. संपलं. सगळं मिळून अडीच मिनिटं.

त्या अडीच मिनिटांसाठी हे लोखंड, या पायऱ्या, हे छप्पर. इतक्या थोड्या वेळासाठी इतकं जपून बांधलेली इमारत मी दुसरी पाहिलेली नाही.

मामांकडे वळून पाहिलं. डोळे पुसत होते. "गवतावर टापांचा आवाज असा येतो होय," म्हणाले. "आम्ही आयुष्यभर टप टप ऐकलं."

शेवटची शर्यत संपल्यावर लोक पांगले. फाटलेली तिकिटं पायऱ्यांवर पडलेली. आम्ही थोडा वेळ बसून राहिलो. २०२४ च्या करारानं इथली १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेकडे गेली आहे आणि ९१ एकर शर्यतींसाठी क्लबकडे राहिली आहे. मोकळी जागा सगळ्यांची झाली तर मला आनंदच आहे. सकाळी चालायला येणाऱ्या त्या म्हाताऱ्या जोडप्यांचा या मातीवर हक्क आहेच. धास्ती दुसऱ्या गोष्टीची वाटते. तबेले, पॅडॉक, ट्रॅक आणि ग्रँडस्टँड ही एकाच वस्तूची अंगं आहेत. यातलं एक हललं की बाकीच्यांचा अर्थ जातो. घोडा न धावणाऱ्या मैदानासमोरचं ग्रँडस्टँड म्हणजे पाणी नसलेल्या नदीवरचा घाट.

संध्याकाळच्या गाडीनं पुणे गाठलं. मुक्काम मामांच्या लेकीकडे, हडपसरला.

चौथा दिवस, सोमवार. पुणे ते खुडूस

पुण्याचं रेसकोर्स याहून जुनं, १८३० चं, लष्कराच्या जमिनीवर. एम्प्रेस गार्डनच्या शेजारी. मुंबईत पावसाळा लागला की रेसचं सगळं बिऱ्हाड पुण्याला येतं, म्हणून फेब्रुवारीत इथे शांतता. रस्त्याकडून झाडांआडचं जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. राजाला आजोबांनी याच गावातून नेलं होतं. कुठल्या तबेल्यातून, कुणाकडून, ते सांगणारं आता कुणी नाही. मामा कुंपणाला हात लावून उभे राहिले, मग म्हणाले, "चला."

भाच्यानं, म्हणजे मामांच्या नातवानं, गाडी आणली होती. सोलापूरचा सरळ रस्ता सोडून पालखी मार्गानं जायचं हा मामांचाच हट्ट. दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद. तरडगावाजवळच्या चांदोबाच्या लिंबापाशी दोन मिनिटं थांबलो, माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. फलटणला जेवण. नातेपुतं आलं की सोलापूर जिल्हा लागतो. डावीकडे अकलूजची पाटी दिसली. तुकोबांच्या पालखीचं रिंगण तिथे होतं. सदाशिवनगर, माळशिरस मागे टाकून चारच्या सुमाराला खुडूसला पोचलो.

आषाढात इथे माउलींचं गोल रिंगण होतं. मी लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून ते पाहिलं होतं. आज समोर फक्त रान. काही ज्वारी काढलेली, काही उभी. ना कठडा, ना पायरी. बांधावर बसलेल्या एका शेतकऱ्याला विचारलं, रिंगण नक्की कुठे होतं? त्यानं हातातल्या काठीनं हवेतच मोठा गोल काढला. "इथनं तिथपर्यंत. माणसं बसली की कळतंय."

त्या एका वाक्यानं मी जागच्या जागी थांबलो. कालपासून माझ्या डोक्यात नजरेची रेघ घोळत होती. इथेही तीच आहे. मधे पताकाधारी, तुळशीवाल्या बाया, विणेकरी. त्यांच्याभोवती घोड्याची वाट मोकळी. वाटेबाहेर पुढची रांग बसलेली, मागची गुडघ्यावर, तिच्या मागची उभी, पोरं खांद्यावर. पायरीवर पायरी. ग्रँडस्टँडची अख्खी रचना, फक्त माणसांची, दुपारी उभी राहणारी आणि संध्याकाळी उठून पुढच्या मुक्कामाला जाणारी.

दोन घोडे धावतात. दोन्ही कर्नाटकातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. एकावर स्वार, हाती जरीपटका. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नसतं. खोगिरावर माउली बसलेत, अशी भावना. स्वाराचा घोडा पुढे सुटतो, माउलींचा अश्व मागून येऊन त्याला गाठतो, आणि लोकांचा 'माउली, माउली' असा गजर होतो. दौड संपली की बाया-माणसं धावतात ती त्या वाटेवर, टापांखालची माती कपाळाला लावायला.

"वजन नाही," मामा म्हणाले. बराच वेळ ते त्या रानाकडे बघत होते. "त्याच्या पाठीवर काहीच वजन नाही."

मग ते बांध उतरले. शेतकऱ्यानं काठीनं दाखवलेल्या त्या गोलाच्या कडेनं, धसकटं चुकवत चालायला लागले. नाल हातात होता, तो ते बाजूला धरून चालत होते, लगाम धरावा तसा. नातू म्हणाला, आजोबांना ऊन लागेल, मी जातो. मी त्याला थांबवलं.

लांब गेल्यावर मामांची आकृती ज्वारीच्या ताटांआड गेली, परत दिसली. वारा आमच्याकडे येत होता. अर्धा गोल पुरा करून ते वळले, तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. जीभ टाळूला लावून काढलेला, अगदी बारीक. टक् टक्.